ट्रॅकमनचा कोर्स असा काही नसतो, ताई

प्रश्न थोडक्यात असा. लोणी काळभोरच्या एका ताईंचा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा आहे. दहावी पास, फिटरचं आयटीआय अर्धवट सुटलेलं. पुण्यात पेठेतल्या एका संस्थेनं त्याला सांगितलंय की सहा महिन्यांचा 'रेल्वे ट्रॅक मेंटेनन्स डिप्लोमा' कर, ४५ हजार फी, मग रेल्वेत थेट ट्रेनिंग. ताई तीन गोष्टी विचारतात. हा कागद चालतो का? चालत नसेल तर ट्रॅकमन व्हायला नेमकं काय लागतं? आणि काम धोक्याचं म्हणून आई नको म्हणतेय, तिला काय सांगू?

ताई, पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: नाही. पैसे भरू नका. भरले असतील तर पावती जपून ठेवा आणि लेखी अर्ज करून परत मागा.

मी १९८६ साली गँगमन म्हणून लागलो. पहार, फावडं, खडी ठासायचा बीटर, सगळं हातानं केलं. मेट, म्हणजे गँगचा मुकादम, झालो, खात्याची परीक्षा देऊन सुपरवायझरच्या बाजूला आलो, आणि शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात गेली. दर बॅचला एक-दोन पोरं अशी निघायचीच, ज्यांनी घरची म्हैस नाहीतर आईची पाटली विकून कुठलं तरी सर्टिफिकेट आणलेलं असायचं. ते फाइलला लावायलासुद्धा जागा नसते. रेल्वे ते विचारतच नाही.

'थेट ट्रेनिंग' म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा. २०२२ साली तमिळनाडूतल्या २८ तरुणांना नोकरीचं आमिष दाखवून दिल्लीला नेलं आणि महिनाभर नवी दिल्ली स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं. हेच तुमचं प्रशिक्षण, असं सांगून. पोरं रोज इमानदारीनं आकडे लिहीत होती. तुमच्या भावासारख्या पोराला ट्रॅकवरच्या पदाचं दार म्हणजे भरती बोर्डाची जाहिरात आणि परीक्षा. ओळखीतून, कोट्यातून, साहेबाच्या सहीनं लावतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, मग त्याच्या गळ्यात रेल्वेचं आयकार्ड लटकत असलं तरी.

आता काय लागतं ते.

पदाचं आजचं नाव ट्रॅक मेंटेनर, ग्रेड चार. आमच्या वेळी गँगमन म्हणायचे, मधे ट्रॅकमन झालं, लोक अजून दोन्ही नावं वापरतात. वेतन आयोगाच्या तक्त्यातली ही लेव्हल एक. जानेवारी २०२५ मध्ये या लेव्हलसाठी देशभरात ३२,४३८ जागांची जाहिरात निघाली होती. तिच्यात पात्रता होती दहावी पास, किंवा आयटीआय, किंवा राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र. म्हणजे तुमचा भाऊ दहावीवर पात्र आहे, विषय संपला. वयाची अट जाहिरातीगणिक थोडी बदलते, एकविसाव्या वर्षी त्याला त्याची चिंता नाही.

संगणकावरची परीक्षा १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची. गणित २५, सामान्य विज्ञान २५, बुद्धिमत्ता ३०, चालू घडामोडी आणि सामान्य ज्ञान २०. चुकलं की एक तृतीयांश गुण कापला जातो. मराठीतून देता येते, आणि अर्ज भरतानाच भाषा निवडायची असते हे पोरं विसरतात. दहावीच्या पातळीचं आहे, पण लाखो पोरं बसतात, त्यामुळे सोपं म्हणून निजून चालत नाही. क्लास लावायचाच असेल तर या परीक्षेचा लावा. नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ, एवढ्यावर पास झालेली कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. याच्यावर मी जास्त बोलत नाही. माझा विषय याच्या पुढचा आहे.

लेखी पास झालेल्यांतून जागांच्या तिप्पट पोरांना शारीरिक चाचणीला बोलावतात. मुलांसाठी ३५ किलो वजन उचलून, मधे खाली न ठेवता, १०० मीटर दोन मिनिटांत न्यायचं. आणि एक किलोमीटर धावायचं ४ मिनिटं १५ सेकंदांत. मुलींसाठी २० किलो, तेवढंच अंतर, तेवढाच वेळ, आणि किलोमीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत. दोन्हीला एकच संधी. ताई, मुलींचे आकडे मुद्दाम दिलेत. बायकांच्या हातात आता पहार आहे, कीमॅनची बीट, म्हणजे रूळ तपासत चालायची ठरलेली हद्द, चालणाऱ्या बायका आहेत. तुम्हाला स्वतःला विचार करायचा असेल तर दार उघडं आहे.

पोरांना ही चाचणी म्हणजे लेखीनंतरची एक औपचारिकता वाटते. दोन आठवडे आधी पळायला सुरुवात करतात आणि शेवटच्या तीनशे मीटरला फेस येतो. चारशे मीटरच्या मैदानावर अडीच फेऱ्या, म्हणजे फेरीला १०२ सेकंद. एक फेरी तर कुणीही मारतो. तिसरी अर्धी फेरी कुणाच्या पायात आहे ते बघतात. काही पोरं मला सांगायची, आम्ही रोज पर्वती चढतो. चढा, दम वाढतो, वरून गावही छान दिसतं. पण सपाटीवर घड्याळ लावून पळणं वेगळं. आणि वजनाचा सराव करताना वाळूचं पोतं भुसाराच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवा. अंदाजानं भरलेलं पोतं नेहमी तीस किलोचंच निघतं, हा माझा अनुभव आहे.

त्यानंतर कागदपत्रं आणि मेडिकल. इथे माझं एक कळकळीचं सांगणं आहे, बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. भावाला अभ्यासाला बसवायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि रंगांची तपासणी करून घ्या. ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक असतं, इशिहाराचं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो, पाच मिनिटांचं काम. ट्रॅकच्या पदांना मेडिकलची बी-वन श्रेणी लागते. तिच्यात चष्मा चालतो, रंगांध डोळा चालत नाही. बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्याचा गोंधळ जन्मापासून असतो आणि त्यांना तो माहीतच नसतो, कारण शेतात किंवा दुकानात तो कधी अडत नाही. दोन वर्षं अभ्यास करून, पळून, पास होऊन, रेल्वेच्या दवाखान्यात त्या पुस्तकापाशी थांबलेली पोरं मी पाहिलीत. बाहेर बाकावर बसून राहतात, कुणाशी बोलत नाहीत.

हे सगळं कशाला, असं भाऊ विचारेल. खडी ओढायला डोळे आणि पळणं कशाला? याचं उत्तर प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात मिळतं.

रुजू झाल्यावर नव्या ट्रॅकमनला रेल्वे आपल्या प्रशिक्षण केंद्रात पाठवते. काही आठवड्यांचा वर्ग, राहायला हॉस्टेल, पगार चालू. नंतरही ठरावीक वर्षांनी रिफ्रेशरला बोलावतात. तिथे पहिल्या दिवशी पाना हातात देत नाहीत, झेंडी देतात. लाल झेंडी कशी धरायची, झेंडी नसली तर दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे करायचे, रात्री लाल बत्ती, आणि लालही नसली तर मिळेल तो पांढरा उजेड अंगासमोर आडवा, जोरजोरात हलवायचा. मग येतो फटाका. कागदोपत्री डेटोनेटर, आम्ही फटाकाच म्हणतो. चपटी डबी असते, तिला दोन बाजूंना शिशाच्या मऊ पट्ट्या. डबी रुळाच्या माथ्यावर ठेवायची, लेबल वर, आणि पट्ट्या रुळाच्या डोक्याला दोन्हीकडून दाबून वळवायच्या. चाक वरून गेलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो.

आता समजा रूळ तुटलेला दिसला, किंवा दरड आलीय. लाल झेंडी दाखवत गाडी येणाऱ्या दिशेला पळायचं. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, तसंच पुढे पळत १२०० मीटरवर जायचं आणि तिथे दहा-दहा मीटर अंतरानं तीन लावायचे. ब्रॉडगेजचा हा नियम झोपेतून उठवलं तरी आला पाहिजे. सहाशेला एक, बाराशेला तीन. मी पोरांना जेवणाच्या रांगेत विचारायचो, अडखळला तर रांगेच्या शेवटी.

बाराशे मीटर हे पक्क्या मैदानावरचे नव्हेत. खडीतून, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून, पावसात, अंधारात, पाठीला पिशवी. ताशी शंभर किलोमीटरनं येणारी गाडी हे अंतर ४३ सेकंदांत कापते. मग भरतीच्या मैदानावर किलोमीटर का पळवतात ते पोरांच्या लक्षात येतं. नियम करणाऱ्यांनी हाच हिशेब धरला होता का ते त्यांनाच ठाऊक, मला तरी तो जुळलेला वाटतो. रंगांच्या पुस्तकाचंही तसंच. कोसळत्या पावसात समोर जी बत्ती हलतेय ती लाल की हिरवी, एवढ्या एका गोष्टीवर तुमचं पळणं किंवा थांबणं ठरतं.

पुण्याच्या आसपास हे किती खरं आहे ते नकाशावर बघा. मुंबईकडे बोरघाट, १८६३ सालचा, ३७ फुटांना एक फूट चढ. गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तिथे पावसाळ्याआधी डोंगर गँगची माणसं दोर लावून कड्यावर उतरतात आणि सुटू पाहणारे धोंडे पहारीनं आधीच पाडून टाकतात. मिरजेच्या वाटेवर शिंदवणे-आंबळेचा घाट आहे, तुमच्या लोणीहून काही फार लांब नाही. तिथे पावसाळी गस्त असते. एकटा माणूस, बत्ती, फटाके, शिट्टी, झेंड्या. आपल्या हद्दीच्या टोकाला पोचायचं, तिकडून येणाऱ्या गस्तवाल्याला भेटायचं, वह्यांची अदलाबदल करायची आणि मागे फिरायचं. ही वही म्हणजे माणूस खरंच शेवटपर्यंत गेला होता याचा पुरावा. मी आयुष्यात ज्या गोष्टींना घाबरलो त्यात गाडी पहिली नाही. घाटातली पहाटे तीनची शांतता पहिली, जेव्हा पाऊस अचानक थांबतो आणि डोंगरातून बारीक खडे घरंगळल्याचा आवाज येतो.

झेंडी-फटाका अंगात मुरला की मग रूळ शिकवतात. आपल्याकडे दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिलिमीटर. काँक्रीटच्या स्लीपरवर ते १६७३ ठेवतात. त्याच नावाची मोजपट्टी, गेज, लावून मोजायचं, लेव्हल बघायची. स्लीपर एकेक पाव टनाहून जड असतो. रूळ मीटरला ६० किलो, म्हणजे १३ मीटरचा एक तुकडा ७८० किलो. असला रूळ माणसं उचलतात तेव्हा ताकदीपेक्षा ताल लागतो. एकजण हाळी देतो, बाकीचे एका श्वासात जोर लावतात. तालात नसलेला एकजण बाकी सगळ्यांची पाठ मोडू शकतो. ते ३५ किलोचं पोतं इथे आठवतं.

आता जे सांगतो ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं, पण पोरांना तिथे कळलेलं नसतं. पूर्वी तेरा-तेरा मीटरच्या रुळांत सांधे असत, खडाक-खडाक आवाज यायचा, उन्हाळ्यात रूळ त्या फटीत फुगायचा. आता रूळ वेल्डिंगनं जोडून किलोमीटरच्या किलोमीटर सलग केलेत. एक किलोमीटर रूळ ३० अंशांनी तापला तर मोकळा असता तर साधारण ३५ सेंटीमीटर लांब झाला असता. पण तो मोकळा नाही. क्लिपांनी स्लीपरला बांधलाय, स्लीपर खडीत रुतलेत. मग ती वाढ जाते कुठे? कुठेच नाही. रुळाच्या पोटात दाब होऊन बसून राहते. दौंडकडे एप्रिलमध्ये दुपारी रुळाला हात लावून बघा, म्हणजे लावू नका, हात पोळतो. हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापलेला असतो.

अशा वेळी एखाद्या उत्साही माणसानं स्लीपरच्या टोकाची खडी उकरली तर? त्या दाबाला आडवं धरणारं तेवढंच होतं. रूळ बाजूला उडतो, सापासारखा वळतो. त्याला बकलिंग म्हणतात, आणि ते व्हायला एक क्षण पुरतो. म्हणून रुळाचं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की खडी हलवायची नाही, रूळ उचलायचा नाही, साहेब म्हणाले तरी नाही. प्रत्येक सलग रुळाचं एक बसवतानाचं तापमान नोंदलेलं असतं. त्याच्या वर २० अंश गेलं की उन्हाळी गस्त सुरू होते. थंडीत उलटं. रूळ आक्रसतो, ओढ बसते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वेल्ड तडकतात. कीमॅन सकाळी लवकर का निघतो, तर रात्रीच्या गारठ्यानं कुठे काय केलंय ते बघायला. गँगमधल्या माणसाला हे सूत्रासह सांगता यायला हवं असं नाही. पण 'आत्ता खडी का उकरायची नाही' हे ज्याला कळत नाही तो बाकीच्यांना गोत्यात आणतो. म्हणून अडाणी माणसाचं काम असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आणि खरं शिक्षण केंद्रातून परतल्यावर गँगमध्ये होतं. माझे पहिले मेट दुसरी शिकलेले होते. रुळाच्या बाजूला पोटावर आडवे व्हायचे, गाल रुळाच्या उंचीला आणायचे, एक डोळा मिटायचा आणि तीसेक मीटर लांब उभ्या असलेल्या आम्हाला हातानं खुणा करायचे. हात डावीकडे हलला की पहारी डावीकडे, मूठ मिटली की थांब. ते उठले की गेज-लेव्हल लावून बघायचो, दोन-तीन मिलिमीटरच्या आत बसलेलं असायचं. आता टॅम्पिंग मशिन हे काम करतं आणि चांगलं करतं, मला त्याबद्दल हळहळ नाही. पण मशिन रोज येत नाही. मधले दिवस गँगचेच.

कीमॅनचा कानही तसाच. जाताना एका रुळावरून, येताना दुसऱ्या. हातोडा खांद्यावर. क्लिप निसटलेली दिसली की ठोकून आत बसवायची. घट्ट बसलेल्या क्लिपवर हातोडा पडला की टण् वाजतं आणि हातोडा हाताला परत फेकतो. सैल असेल तर धप्प, मातीवर मारल्यासारखं. ही दोन अक्षरं शिकायला मला पावसाळा आणि उन्हाळा असं एक अख्खं वर्ष लागलं.

पुण्यात एक गैरसमज नेहमी ऐकतो, कोरेगाव पार्कात रेल्वेची संस्था आहे, तिथे ट्रॅकचा कोर्स मिळतो. संस्था आहे, इरिसेन नावाची, १९५९ पासूनची, आणि देशात मोठी आहे. पण ती रेल्वेच्या सिव्हिल इंजिनियरांसाठी, मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. बाहेरच्या पोराला तिथे प्रवेश नाही. तिची ट्रॅकवरची पुस्तकं मात्र संस्थेच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. इंग्रजी आहेत, पण आकृत्या बोलतात. पेठेतल्या त्या संस्थेचा अभ्यासक्रम कुठून उचललाय असं मला विचाराल तर बहुतेक तिथूनच.

फिटरचं आयटीआय अर्धवट सुटलंय ते मात्र पुरं करायला सांगा. ट्रॅकमनच्या अर्जाला लागतं म्हणून नव्हे, दुसऱ्या एका दारासाठी. आयटीआय झालेल्यांना रेल्वेत अप्रेंटिस म्हणून घेतात. मध्य रेल्वेच्या जाहिरातीत पुण्याच्या गटात घोरपडीचं डिझेल शेड, दौंडचं इलेक्ट्रिक शेड अशा जागा असतात. त्याला परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, संपली की घरी. पण रेल्वेत अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांना लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. ४५ हजारांच्या डिप्लोम्यापेक्षा हा रस्ता स्वस्त आणि खरा.

पुढे कौशल्याचे कागद लागतात, पण ते नोकरीत आल्यावर आणि रेल्वेच्याच खर्चानं. रूळ जोडणाऱ्या थर्मिट वेल्डरला, रुळाच्या आतली चीर आवाजाच्या लहरींनी शोधणाऱ्याला लखनौला शिकवून प्रमाणपत्र देतात, ते नसेल तर त्या कामाला हात लावता येत नाही. मोठ्या मशिनवर जायचं असेल तर प्रयागराजला वेगळं केंद्र आहे. कंत्राटदाराच्या सुपरवायझरलाही रुळावर माणसं लावायच्या आधी रेल्वेकडून शिकून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मेट्रोचं गणित निराळं. तिथे गेज १४३५ मिलिमीटर, पुलावर आणि बोगद्यात खडीच नाही, रूळ काँक्रीटवर बसवलेले, आणि मेंटेनरच्या जागांना आयटीआय मागतात. आयटीआय पुरं करायचं हे आणखी एक कारण.

पैशाचंही सांगतो, आईला लागेल. मूळ वेतन १८,०००, त्यावर महागाई भत्ता. पुणे शहरात नेमणूक असेल तर घरभाडे भत्ता सगळ्यात वरच्या दराचा. रुळावर काम करणाऱ्यांना जोखमीचा वेगळा भत्ता मिळतो, सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना २,७०० रुपये ठरला होता. बढतीनं ग्रेड तीन, दोन, एक. मूळ वेतनाची सुरुवात अनुक्रमे १९,९०० मग २५,५०० मग २९,२००. खात्याची परीक्षा दिली तर ज्युनियर इंजिनियरपर्यंत जाता येतं, त्याचं मूळ वेतन ३५,४०० पासून. भाऊ हुशार असेल आणि सिव्हिलचा डिप्लोमा करायची ऐपत असेल तर ज्युनियर इंजिनियरची भरती थेटही होते. डिप्लोमाच करायचा तर तो करावा, शासकीय तंत्रनिकेतनातला.

हल्ली ट्रॅकवर पदवीधर पोरं खूप येतात. दोन महिन्यांत ऑफिसात बदली मिळेल या आशेवर. मिळत नाही, मग पाट्या टाकतात. अशा माणसाबरोबर गँगमध्ये काम करणं हे मला रुळावरच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

आता आईचं. ताई, आई बरोबर म्हणतेय. काम धोक्याचं आहे. नाही म्हणणारा एकतर रुळावर गेलेला नाही, नाहीतर तुम्हाला काहीतरी विकतोय.

लागून चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पुणे-दौंड दुहेरी मार्ग, आम्ही डाउन लाइनवर पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासायचं काम, करत होतो. शिट्टी झाली, डाउनवर मालगाडी येतेय. हत्यारं उचलली आणि मी बाजूला झालो, तो नेमका दोन मार्गांच्या मधल्या बाजूला, अप लाइनवर. मालगाडी सुरू झाली की कानात दुसरं काही शिरत नाही. मी आपला डबे बघत उभा. कॉलरला हिसका बसला आणि मी पालथा पडलो, मेटच्या अंगावर. अप लाइनवरून पॅसेंजर गेली. ती येताना मला ऐकूच आली नव्हती, जाताना फक्त वारा लागला. मेट काही बोलले नाहीत. शर्टाची तुटलेली बटणं खडीतून वेचून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कामाला लाग." दुपारी भाकरी खाताना एवढंच म्हणाले, "गाडी कुठल्याबी लाइनीवर येऊ दे, आपण दोन्ही सोडायच्या. रुळाच्या पार भाईर."

हाच नियम पुस्तकातही आहे. शिट्टीवाला लुकआउट नेमल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, गाडी आली की सगळे मार्ग मोकळे करून कडेला यायचं, हत्यार रुळात सोडायचं नाही, विजेच्या तारेपासून दोन मीटर लांब राहायचं कारण वर २५ हजार व्होल्ट आहेत. आता कीमॅनला 'रक्षक' नावाचं यंत्र द्यायला लागलेत, गाडी जवळ आली की ते वाजतं. चांगलं आहे. पण नवी पोरं कानात इअरफोन घालून येतात ते मला चालायचं नाही. मी ते काढून टूलबॉक्समध्ये टाकायचो आणि संध्याकाळी परत द्यायचो. शिव्या खाल्ल्यात त्याबद्दल.

आईला माझं बोलणं वाचून दाखवण्यापेक्षा एक करा. एखाद्या सकाळी तिला आणि भावाला घेऊन जवळच्या रेल्वे फाटकापाशी जा, लवकर, कीमॅन बीटवर निघायच्या वेळेला. फाटकाच्या बाहेरच उभं राहा, रुळावर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. कीमॅनला हाक मारू नका, तो चालताना बोलत नाही. फक्त बघा, दर थोड्या पावलांनी तो मान मागे वळवून बघतो. गाडी येत नसली तरी. भावाला तेवढं मोजायला सांगा, शंभर पावलांत किती वेळा.